मराठी चित्रपटांचा सातबारा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मराठी चित्रपटांच्या मूळ प्रतींची नोंद आणि जतन

महोदय,


मराठी चित्रपट निघावेत म्हणून आपलं खातं बरंच काही करतं. 'अ' दर्जाच्या चित्रपटाला ४० लाख, 'ब' दर्जाच्या चित्रपटाला ३० लाख असं अनुदान आहे. राज्य पुरस्कार आहेत. गोरेगावात दादासाहेब फाळक्यांच्या नावाची चित्रनगरी आहे, कोल्हापुरात दुसरी आहे. चित्रपट जन्माला यावा याची काळजी सरकार घेतं, याबद्दल तक्रार नाही. जन्मलेला चित्रपट पुढे कुठे राहतो, कसा राहतो आणि मुळात राहतो का, हे विचारायला हे पत्र लिहितो आहे.

तालुक्याच्या गावी आम्ही काही जण मिळून एक चित्रपट मंडळ चालवतो. वाचनालयाच्या सभागृहात महिन्यातून एकदा जुना-नवा सिनेमा दाखवतो, नंतर चहा आणि गप्पा. मध्यंतरी साठच्या दशकातला एक ग्रामीण चित्रपट दाखवायचं ठरलं. तो आमच्याच भागात चित्रित झालेला, त्यामुळे गावातल्या म्हाताऱ्या मंडळींना भारी उत्सुकता. निर्मात्याच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, निगेटिव्ह लॅबमध्ये असेल. लॅब बंद पडलेली. लॅबमधला माल कुणी नेला, ते सांगणारा माणूस सापडेना. हक्कांचं विचारलं तर कळलं, वडिलांनी हयातीतच एका कंपनीला कागद करून दिले होते आणि ती कंपनी पुढे दुसऱ्या कंपनीनं घेतली. त्या दुसऱ्या कंपनीतल्या साहेबांनी आम्हालाच विचारलं, "हा पिक्चर आमच्याकडे आहे?"

अखेर चित्रपट मिळाला तो यूट्यूबवर. कोपऱ्यात एका वाहिनीचं बोधचिन्ह, दोन गाणी गायब, दोन्ही बाजूंनी चौकट कापलेली. संवाद म्हणणाऱ्या नटाचा अर्धाच चेहरा दिसत होता. आम्ही कार्यक्रम रद्द केला.

आपल्या राज्यात अर्ध्या गुंठ्याच्या तुकड्याचाही सातबारा असतो. मालक कोण, वहिवाट कुणाची, बोजा कसला, सगळं तलाठ्याच्या दप्तरात असतं. चित्रपटाचं असं दप्तर कुठे आहे? निगेटिव्ह कुणाच्या ताब्यात आहे, शेवटची छापील प्रत कुठे आहे, ती कुठल्या अवस्थेत आहे, हक्क कुणाचे आहेत, हे एका जागी सांगणारा कागद मला आजवर कुणी दाखवू शकलेलं नाही. आणि ज्याची नोंद नाही, ते नाहीसं झालं तरी कळत नाही.

किती नाहीसं झालं, याचा अंदाज मूकपटांवरून येतो. भारतात सुमारे १,३०० मूकपट निघाले. त्यातले शिल्लक आहेत तीसच्या आत, आणि त्यातही बरेच तुकड्यांच्या रूपात. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागलेला 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा होता. आज पहिलं आणि शेवटचं रीळ मिळतं, आणि तीही फाळक्यांनी १९१७ मध्ये नव्यानं केलेल्या चित्रपटाची असावीत, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे ज्याच्या नावानं आपण भारतीय सिनेमाचा वाढदिवस करतो, तो चित्रपट आपल्यापैकी कुणीही पूर्ण पाहिलेला नाही. बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये कोल्हापुरात 'सावकारी पाश' केला. कर्जापायी जमीन गमावणारा शेतकरी पडद्यावर आणला आणि ती भूमिका तरुण शांतारामांना दिली. पुस्तकांत त्याचं कौतुक वाचायला मिळतं. चित्रपट मिळत नाही. भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा' हादेखील गेला. त्याची काही रिळं निर्मात्याच्या घरी होती, पण चांदी काढून घेऊन ती विकली गेली होती, अशी हकीकत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर सांगत.

चांदीचं कारण असं की कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीच्या कणांचं असतं. त्यामुळे चित्रपट उतरला की त्याची किंमत चांदीच्या भावानं होई. चांदी धुऊन काढली की उरलेल्या पट्ट्यांच्या बांगड्या बनत.

या नायरांचं नाव मंत्रालयातल्या एखाद्या दालनाला द्यायला हरकत नाही. ते मूळचे केरळचे, पण फाळके आज जेवढे उरले आहेत त्याचं मोठं श्रेय त्यांचं. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नायर तिथे रुजू झाले. फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून नाशिकहून त्यांनी रिळं मिळवली. 'कालिया मर्दन' (१९१९) हा फाळक्यांच्या मुलीनं, मंदाकिनीनं, बाळकृष्ण साकारलेला चित्रपट त्यांनी विखुरलेल्या तुकड्यांतून क्रमानं जुळवला. चांगला चित्रपट कोणता, वाईट कोणता, हे ठरवत बसणं हे संग्रहालयाचं काम नव्हे, मिळेल ते सगळं ठेवायचं, अशी त्यांची भूमिका होती. मला ती फार महत्त्वाची वाटते. पारितोषिक मिळालेले चित्रपट कसेही टिकतील, त्यांना वाली असतो. तमाशापट, दादा कोंडक्यांचे विनोदी चित्रपट, जत्रेच्या तंबूत वर्षानुवर्षं चाललेले देवादिकांचे चित्रपट यांना वाली नसतो.

नाश म्हटला की आगीची आठवण निघते. आगी लागल्याही आहेत. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत फिल्म नायट्रेटची असे. ती एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला आणि 'मीठभाकर' भालजींना पुन्हा चित्रित करावा लागला. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागली. संग्रहालयाची नायट्रेटवरची जुनी रिळं त्यात गेली, त्यात प्रभात फिल्म कंपनीचीही होती. पण आगीची निदान बातमी होते. बहुतेक चित्रपट बातमी न होता जातात, आणि जातात ते गोदामाच्या थकलेल्या भाड्यापायी, भावाभावांच्या वाटण्यांपायी, 'बघू पुढच्या वर्षी' यापायी.

आमच्या जिल्ह्यातल्या एका जुन्या वितरकाच्या घरामागची खोली मी पाहिली आहे. पत्र्याचं छत, त्याखाली पत्र्याचेच गोल डबे छातीइतक्या उंचीपर्यंत रचलेले. डब्यांवर रंगानं आकडे घातलेले : ३/१४, म्हणजे चौदापैकी तिसरं रीळ. बरेच आकडे गंजानं खाल्ले होते. पहिल्या डब्याचं झाकण स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटलं आणि व्हिनेगरचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी आलं. आत फिल्म होती, पण तिची गुंडाळी सुटेना. थर एकमेकांना चिकटून विटेसारखा घट्ट गोळा झाला होता, कडेला पांढरी भुकटी. दुसऱ्या डब्यातली फिल्म सुटली, पण आक्रसून लहरी पडलेली. प्रोजेक्टरच्या दात्यांत तिची भोकं बसलीच नसती. तिसरं रीळ मात्र स्वच्छ होतं. उजेडासमोर धरलं तर विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका, चौकटीमागून चौकट, घागर जराशी वर, आणखी जराशी वर. ते रीळ कुठल्या चित्रपटाचं, हे मालकांनाही आठवत नव्हतं. म्हणाले, "भंगारवाला येतो. डब्याच्या पत्र्याला भाव देतो. फिल्मला काही देत नाही, पण घेऊन जातो."

तो वास म्हणजे फिल्मचा आधार असलेलं अ‍ॅसिटेट कुजल्याची खूण. उष्णता आणि दमट हवा लागली की त्यातून आम्ल सुटू लागतं, सुटलेलं आम्ल कुजणं आणखी वाढवतं, आणि बंद खोलीत एका डब्याची लागण शेजारच्या डब्याला होते. सुरू झालेली ही क्रिया उलटवता येत नाही. थंडी आणि कोरडी हवा देऊन तिचा वेग कमी करता येतो, एवढंच. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या चार पावसाळ्यांत जे होतं, ते नीट शीतगृहात व्हायला पिढ्या लागतात. रंगीत फिल्मचं दुखणं आणखी वेगळं. तिचे रंग एकसारखे उडत नाहीत, निळा-हिरवा आधी उतरतो आणि सत्तरच्या दशकातल्या कित्येक प्रती आज अख्ख्या गुलाबी दिसतात.

"पण सगळं यूट्यूबवर आहे की," असं आपले अधिकारी कदाचित म्हणतील. म्हणून थोडा हिशेब मांडतो. दोन तासांचा चित्रपट म्हणजे सेकंदाला २४ प्रमाणे १,७२,८०० चौकटी, १०,८०० फूट फिल्म. मूळ निगेटिव्हवरून फोर-के दर्जाचं स्कॅनिंग केलं तर एका चौकटीची फाइल साधारण ५० एमबीची होते. अख्खा चित्रपट आठ-नऊ टेराबाइट. यूट्यूबवरची प्रत याच्या हजाराव्या हिश्श्याचीही नसते, आणि ती बहुधा कधीतरी दूरदर्शनसाठी केलेल्या टेपवरून घेतलेली असते. तिच्यावरून चित्रपटाचा पुनरुद्धार होत नाही. तो निगेटिव्हवरून होतो, नाहीतर चांगल्या छापील प्रतीवरून. मुळात ती हवी, आणि ती कुठे आहे ते ठाऊक हवं.

ठाऊक असल्यानं काय होतं, याची दोन उदाहरणं देतो. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून उभा केलेला, स्मिता पाटील असलेला 'मंथन' २०२४ मध्ये कान महोत्सवात नव्या झळाळीनं दाखवला गेला. त्याची चित्राची निगेटिव्ह पुण्याच्या संग्रहालयात होती, पण ध्वनीची निगेटिव्ह खराब झालेली. आवाज घेतला तो मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनकडच्या छापील प्रतीवरून. एका जागचं चित्र आणि दुसऱ्या जागचा आवाज जुळला, कारण दोन्हींची नोंद होती. दुसरं उदाहरण आपल्या घरचं. तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'वरून युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हच्या तरुणांनी १९७६ मध्ये चित्रपट केला. मोहन आगाशे नाना फडणवीस, ओम पुरींचं पडद्यावरचं पदार्पण. पुढे वर्षानुवर्षं तो कुणाला बघायला मिळेना. अखेर तो सापडला बर्लिनमध्ये, आर्सेनल या संस्थेच्या संग्रहात, आणि तिथल्या प्रतीवरून पुन्हा उभा राहिला. पुण्याच्या पेशवाईवरचा, पुण्यात शिकलेल्या मुलांनी केलेला मराठी चित्रपट जर्मनीतल्या एका शीतगृहानं वाचवला. याचा आनंद मानावा की लाज वाटून घ्यावी, हे मी आपल्यावर सोडतो.

प्रभातचे चित्रपट आपण आज बघतो ते दामले कुटुंबानं हक्क आणि प्रती निष्ठेनं सांभाळल्या म्हणून. प्रत्येक निर्मात्याच्या नशिबी असे वारस नसतात. राज्याचा ठेवा वारसांच्या चांगुलपणावर सोडून चालत नाही.

आणि ठेवा म्हणजे केवळ कलेचा नव्हे. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. शिलालेख, ताम्रपट, महानुभावांच्या पोथ्या यांचे दाखले दिले गेले, ते योग्यच झालं. पण मराठी कशी लिहिली जायची हे पोथ्या सांगतात. ती बोलली कशी जायची, चाल कुठे वर जायची, शिवी कुठल्या लयीत यायची, हे कोण सांगणार? 'संत तुकाराम' (१९३६) मधली गौरीबाईंची आवली म्हशीपाशी उभी राहून विठोबाला बोल लावते, तेव्हा नव्वद वर्षांपूर्वीच्या बाईमाणसाच्या जिभेवरची मराठी आपल्या कानी पडते. 'कुंकू'मध्ये पांढरपेशा घरातलं बोलणं ऐकू येतं. पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चाललेल्या 'सांगत्ये ऐका'मध्ये फडावरची बोली आहे. आमच्या भागातले कित्येक हेल आता फक्त त्या खोलीतल्या डब्यांत उरले असतील. भाषेच्या संवर्धनाचा निधी शब्दकोशाला मिळतो. चित्रपटाच्या ध्वनिपट्टीलाही त्यात वाटा असावा.

केंद्राचं राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान आहे, त्याला ५९७ कोटी रुपये मंजूर झाले, संग्रहालयही केंद्राचं, मग राज्यानं काय करायचं, असा प्रश्न येईल. माझं म्हणणं असं की संग्रहालय त्याच्या दारात आलेलं सांभाळतं. आणून देण्याची सक्ती ते कुणावर करू शकत नाही. १९५४च्या कायद्यानं प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावीच लागते. चित्रपटाला असा कायदा नाही. फ्रान्समध्ये तो आहे. केंद्र तो करेल तेव्हा करो, आपल्या हातात त्याहून सोपी चावी आहे, ती म्हणजे अनुदान.

म्हणून काही मागण्या करतो.

पहिली : अनुदानाचा शेवटचा हप्ता निर्मात्याला तेव्हाच मिळावा, जेव्हा चित्रपटाची मूळ सामग्री संग्रहालयात जमा झाल्याची पावती तो दाखवेल. डीव्हीडी नको, पेन ड्राइव्ह नको. कुलूप न घातलेली डीसीपी (चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत), संकुचित न केलेली मास्टर फाइल, सुटे ध्वनिपट, संहिता, पोस्टर. ही मागणी नव्या चित्रपटांसाठी जास्त तातडीची आहे. गेल्या दहा-बारा वर्षांतले मराठी चित्रपट बहुतांश फिल्मवर नाहीतच. ते हार्ड डिस्कवर आहेत, आणि हार्ड डिस्क कपाटात ठेवून दिली की काही वर्षांनी फिरेनाशी होते. पत्र्याच्या डब्यातली १९५०ची फिल्म आज उजेडासमोर धरून निदान बघता तरी येते. बंद पडलेल्या डिस्कमध्ये विहिरीवरच्या बायका दिसत नाहीत. डिजिटल सामग्री दोन वेगवेगळ्या शहरांत ठेवावी लागते आणि ठरावीक काळानं नव्या टेपवर उतरवून घ्यावी लागते. हा खर्च दरवर्षीचा आहे, एकदाचा नव्हे. अर्थसंकल्पात त्याचं स्वतंत्र शीर्षक असायला हवं.

दुसरी : जुन्या चित्रपटांची नोंदवही, जिला मी सातबारा म्हणतो आहे. बंद पडलेल्या लॅब, वितरकांच्या खोल्या, टुरिंग टॉकीजवाल्यांच्या पेट्या, निर्मात्यांची घरं, सगळीकडे माणसं पाठवून पाहणी व्हावी. ज्याच्याकडे रीळ आहे, त्याला पहिला प्रश्न 'हे तुझ्याकडे कसं आलं?' असा विचारू नये. त्या धाकानंच माणसं डबे भंगारात घालतात. आधी रीळ थंड जागी न्यावं, मालकीचा निवाडा मागून व्हावा. प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी चित्रपटावरचा हक्क संपतो. म्हणजे १९५४ मध्ये पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणाऱ्या 'श्यामची आई'च्या काळातले सगळे चित्रपट कायद्यानं केव्हाच तुमचे-आमचे झाले आहेत. पण हक्क लोकांचा झाला आणि प्रतच उरली नाही, तर त्या हक्काचं करायचं काय?

तिसरी : माणसं. संग्रहालयात फिल्म चेकर नावाचं पद असतं. रिवाइंडरवर फिल्म सावकाश फिरवत, कडेवरून बोट नेत, फाटलेलं भोक नुसत्या स्पर्शानं ओळखणारा माणूस. तुटलेला सांधा खरवडून पुन्हा जोडणं, बुरशी पुसणं, कुठल्या चित्रपटाचं कितवं रीळ ते नटाच्या फेट्यावरून ओळखणं, ही विद्या पुस्तकातून येत नाही, आणि ती येणारी माणसं निवृत्त होत आहेत. आपल्या विद्यापीठांमधून त्यांच्या हाताखाली दरवर्षी दहा-दहा मुलं तयार करा. नवी इमारत, कोनशिला, पुतळा यातलं काही नको. पुण्यात शीतगृहं आहेत. तिथे मराठीसाठी जागा आणि पगार यांचा खर्च राज्यानं उचलावा. दुसरी प्रत ठेवायला कोल्हापूर किंवा नागपूर बघावं.

चौथी : दाखवा. वाचवलेला चित्रपट कोठारात कुलूपबंद राहिला तर पुढच्या पिढीला त्याच्यासाठी पैसे खर्च करावेसे का वाटतील? जिल्ह्याजिल्ह्यांतली नाट्यगृहं आपलीच आहेत. शाळा आहेत, आमच्यासारखी मंडळं आहेत. दुरुस्त झालेली प्रत माफक शुल्कात आम्हाला मिळावी. सभागृह भरवण्याची जबाबदारी आमची.

जयप्रभा स्टुडिओची जागा वाचावी म्हणून कोल्हापूरकर २०२२ मध्ये रस्त्यावर उतरले. सिनेमावरचं ते प्रेम खरं आहे. पण त्या जागेत तयार झालेल्या चित्रपटांसाठी अजून मोर्चा निघालेला नाही, आणि निघेल असं मला वाटत नाही. वास्तू पडताना दिसते, फिल्म कुजताना दिसत नाही. ज्या गोष्टीसाठी लोक रस्त्यावर येत नाहीत, ती सरकारनं आपणहून करायची असते.

१९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा'नं मराठी बोलू लागलेला सिनेमा २०३२ मध्ये शंभर वर्षांचा होईल. सोहळा ठरेल, समित्या नेमल्या जातील. त्या समितीसमोर पहिल्या बैठकीत एकच कागद ठेवता यावा, इतकी माझी विनंती आहे : या शंभर वर्षांत निघालेल्या प्रत्येक मराठी चित्रपटाचं नाव, त्यापुढे त्याची मूळ प्रत कुठे आहे ते, आणि जिथे काहीच उरलेलं नाही तिथे 'नाही' असं स्वच्छ अक्षरात. ही यादी करायला काही कोटी लागणार नाहीत. एक अधिकारी, चार सहायक, फिरायला गाडी आणि एक शासन निर्णय पुरे. आमच्या जिल्ह्यातली ती खोली दाखवायला मी स्वतः येईन. पावसाळ्याच्या आत यावं लागेल.

कळावे.

आपला,
तालुक्याच्या गावातील एका चित्रपट मंडळाचा कार्यकर्ता